शेपूट

आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांत मागे राहणाऱ्या सायकलवाल्याला शेपूट म्हणतात. दुसरे ग्रुप त्याला ‘स्वीप’ म्हणतात, पण आमच्यात पहिल्याच दिवशी जुन्या कात्रज घाटात कुणीतरी शेपूट म्हटलं आणि ते नाव चिकटलं. शेपटाने कुणालाही मागे टाकायचं नाही. शेवटचा माणूस थांबला की थांबायचं, तो चढावर उतरून चालायला लागला की आपणही उतरायचं. पंप, ट्यूबा, पाने आणि प्रथमोपचाराची पिशवी त्याच्याकडे. आणि थांब्यावर पोचलं की हात वर करून ओरडायचं, “शेपूट आलं!” त्याचा अर्थ, मागे रस्त्यावर आता आपलं कुणी नाही.

पुणे ते कन्याकुमारी, १५ दिवस, १५०० किलोमीटरच्या आसपास. कोल्हापूर, आंबोली, मग सावंतवाडीच्या पुढे पनवेलहून येणारा ६६ नंबरचा हायवे धरला आणि तो काही सोडला नाही. १८ सायकली, सामानाचा टेम्पो आणि टेम्पोवाले मामा. यातले १४ दिवस मी पुढच्या चौघांत होते. मला वेग आवडतो. पहाटेच्या थंड हवेत पुढच्या चाकाला चाक लावून ओढत नेण्यात जो आनंद आहे तो खरा आहे, आणि त्याबद्दल मला अजूनही काही वाईट वाटत नाही.

पंधराव्या दिवशी पहाटे पाच वाजता तिरुवनंतपुरमच्या लॉजच्या अंगणात आमचे दादा माझ्याजवळ आले. रोजचं शेपूट म्हणजे कोल्हापूरचे काका. त्यांचा गुडघा रात्रीतून सुजला होता, ते टेम्पोत बसणार होते. “आज शेपूट तू,” दादा म्हणाले आणि निळी पिशवी माझ्या हातात दिली. मी पिशवी घेतली, बोलले काहीच नाही. मनातून फार लागलं. या दिवसाचं चित्र मी गेले सहा महिने रंगवलं होतं. खडकवासल्याच्या रस्त्यावर पावसात सराव करताना, ऑफिसातून येऊन रात्री घरातल्या ट्रेनर स्टँडवर जागच्या जागी सायकल मारताना, डोळ्यांसमोर एकच होतं: शेवटचं वळण, समोर समुद्र, आणि पुढे कुणी नाही.

‘गणपती बाप्पा मोरया’ झालं. १५ मागचे लाल दिवे एकेक करून फाटकाबाहेर गेले. सोळावी सायकल काकूंची.

काकू साताऱ्याच्या. वय ६४. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं भूगोल शिकवला, निवृत्तीनंतर नातवाबरोबर सायकल शिकल्या. म्हणजे सायकल पूर्वीही येत होती, पण गिअर, हेल्मेट, हायवे हे सगळं साठीनंतर. सपाटीला ताशी १५, चढाला ७. कधी कमी नाही, कधी जास्त नाही. चढ आला की ओठांतल्या ओठांत मारुतीस्तोत्र सुरू, आणि स्तोत्राच्या ठेक्यावर पायडल.

काकूंच्या मागे राहायला मला नको होतं, त्याला आणखी एक कारण होतं. ते मी दादांना सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं.

सातव्या दिवशी मुरुडेश्वरहून उडुपीकडे जाताना काकू हरवल्या होत्या. कुंदापूरजवळ हायवे पुलावरून जातो आणि खाली सर्व्हिस रोड. नारळपाण्यासाठी थांबलेली मी सगळ्यांना गाठायला निघाले तेव्हा काकू माझ्यापुढे शंभरेक मीटरवर होत्या. कोल्हापूरच्या काकांना त्या दिवशी पंक्चरमुळे उशीर झाला होता, ते बरेच मागे. मी काकूंना ओलांडलं, “या हो काकू मागून” म्हटलं आणि निघून गेले. काकू खालच्या रस्त्याने घाटाच्या दिशेने वळल्या. फोन टेम्पोत चार्जिंगला. कोल्हापूरचे काका तासाभराने आले, एकटेच. पुढचे दोन तास आम्ही १७ जण त्या रस्त्यावर मागे-पुढे धावत होतो. शेवटी स्कूटरवरचा एक कॉलेजचा मुलगा त्यांना हायवेपर्यंत सोबत करत घेऊन आला. काकू म्हणाल्या, “डोंगर समोर दिसायला लागला तेव्हा कळलं चुकलं. समुद्राकाठाने दक्षिणेला जायचं तर डोंगर डाव्या हाताला पाहिजे.” भूगोलाच्या बाई. मला म्हणाल्या काहीच नाहीत. त्या संध्याकाळी दादांनी नियम केला, की प्रत्येक थांब्यावर शेपूट ओरडून सांगेल आणि तोपर्यंत कुणी चहाचा पेला तोंडाला लावणार नाही.

करमनाचा पूल ओलांडला, बलरामपुरम आलं. हातमागाच्या कसवू मुंडूचं, म्हणजे जरीकाठी लुंगीचं गाव, पण त्या वेळी सगळं बंद, फक्त चहाच्या टपऱ्यांवर बल्ब. हा रस्ता सपाट असेल असं आम्ही सगळ्यांनी धरलं होतं. समुद्र जवळ, म्हणजे चढ कुठला! प्रत्यक्षात नेय्याट्टिंकरा, अमरविळा, पारशाला, सगळीकडे खाली-वर, खाली-वर. एक चढ दम घेत संपवावा, उतारावर दोनशे मीटर सुख, की पुढचा. अशा रस्त्याला पुढच्यांचा वेग मोडतो, काकूंचा मोडत नाही. कारण मोडण्यासारखा वेगच त्यांनी कधी धरलेला नसतो. त्यांच्या मागे चालवताना माझे पाय पहिला तासभर भांडत होते. गिअर वर टाकू की खाली, कळेना. मग त्यांच्या पायडलकडे बघत बघत मीही तोच ठेका धरला आणि केव्हातरी भांडण थांबलं.

मागून काय दिसतं ते मला त्या दिवशी कळलं. पुढे असताना माझ्यासमोर फक्त पुढच्याचं टायर आणि रस्त्यातला खड्डा असायचा. काकू मात्र डावा हात सोडून दाखवत होत्या: ती बघ रबराची झाडं, चिकाची वाटी बांधलीय बघ. ते बघ, शाळा सुटली नाही अजून, आत्ताशी भरतेय. कळियिक्काविळैला केरळ संपतं आणि तमिळनाडू सुरू होतं, तिथे तर त्यांनी सायकल थांबवलीच. मल्याळमची गोल गोल अक्षरं मागे राहिली होती आणि पाट्यांवर तमिळ आली होती. खरं तर ती दोन-चार किलोमीटर आधीपासूनच एकमेकींत मिसळली होती. “हा सगळा भाग त्रावणकोर संस्थानाचा,” काकू म्हणाल्या, “१ नोव्हेंबर १९५६ ला मद्रास राज्यात आला. भाषेवरून.” आपल्याकडे अशा तारखांचा अर्थ काय असतो हे सांगावं लागत नाही, त्यामुळे आम्ही दोघी क्षणभर गप्प राहिलो. मग चहा. केरळात १५ मिनिटांपूर्वीपर्यंत चहावाल्याला ‘चेट्टा’ म्हणत होतो, आता ‘अण्णा’. काकूंना फार आनंद झाला. त्यांच्या थोरल्या भावाला घरात अण्णाच म्हणतात. चहावाल्या अण्णांनी दुसरा पेला भरायला घेतला तेव्हा काकू सवयीने ‘मदि’ म्हणाल्या आणि अण्णांनी हसून दुरुस्त केलं, “पोदुम.” पुरे.

तक्कलईला सगळे भेटले. “शेपूट आलं!” माझा आवाज घशात अडकल्यासारखा निघाला, पण निघाला. पद्मनाभपुरमचा राजवाडा बघितला. त्रावणकोरची जुनी राजधानी, आता तमिळनाडूत, पण सांभाळतं केरळ सरकार. लाकडी कोरीवकाम, थंडगार काळ्या चकचकीत जमिनी. पायांना त्या जमिनीचा गारवा इतका बरा वाटला की मी अर्धा वेळ नुसती उभी होते. बाकी राजवाड्याबद्दल मी काही लिहीत नाही, माझं लक्ष नव्हतं.

जेवून निघालो आणि विल्लुकुरीच्या अलीकडे ‘टंग’ असा आवाज झाला.

सायकलवाल्याला हा आवाज पोटात कळतो. काकूंच्या मागच्या चाकाची तार तुटली होती. मागच्या चाकात गिअरच्या बाजूच्या तारा जास्त ताणलेल्या असतात, कॅरिअरवर सामान असतं, आणि १५०० किलोमीटर खड्डे खाल्ल्यावर तार हबपाशी, जिथे वाकलेली असते, तिथेच थकून तुटते. चाक एका बाजूला ओढलं जाऊन ब्रेकला घासू लागलं. माझ्या पिशवीत सुट्या तारा होत्या. पण गिअरच्या बाजूची तार घालायची तर गिअरच्या चकत्या उतरवाव्या लागतात, आणि ते हत्यार टेम्पोत होतं. टेम्पो कन्याकुमारीला पोचला होता.

दादांना फोन केला. ते सगळे शुचीन्द्रमच्या जवळ होते. “टेम्पो मागे पाठवू का?” मी काकूंकडे पाहिलं. काकू सायकलच्या शीटवर हात ठेवून उभ्या होत्या. एरवी कशालाही पटकन ‘चालेल’ म्हणणारी बाई. त्या म्हणाल्या, “टेम्पो नको.”

पन्नास पावलांवर एक सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, आत छताला टांगलेली टायरं, बाहेर पाण्याची परात. मालक सत्तरीच्या पुढचे, अंगात पांढरा बनियन, कपाळाला विभूती. त्यांनी एक शब्द न बोलता सायकल उलटी केली, शीट आणि हँडलवर उभी. तुटलेली तार शेजारच्या तारेभोवती गुंडाळली, फडफडू नये म्हणून. मग मागचं चाक हाताने फिरवलं आणि बोटाच्या नखाने एकेक तार छेडत गेले. टिंग, टिंग, टिंग, टुंग. टुंग आली की थांबायचे, पाना निपलला लावायचा, पाव फेरा, परत छेडायची. तानपुरा लावताना माणसाचा चेहरा जसा आत वळतो तसा त्यांचा झाला होता. रस्त्यावरून बस गेली, की ती जाईपर्यंत हात थांबायचा.

मग आउट काढायचं. त्यांनी फळीवरून खडूचा तुकडा घेतला. खडू रिमच्या अगदी जवळ धरायचा आणि चाक फिरवायचं. रिम जिथे बाहेर आलेली असते तिथेच खडू लागतो आणि पांढरी रेघ उमटते. त्या रेघेपाशी एका बाजूच्या तारा ढिल्या, दुसऱ्या बाजूच्या घट्ट. पण म्हाताऱ्यांचा हात थरथरत होता. पान्यावर थरथरत नव्हता, खडूवर थरथरत होता. रेघ सगळ्या रिमभर उमटायला लागली. काकू खाली बसल्या. काही न विचारता त्यांच्या बोटांतून खडू घेतला, कोपर स्वतःच्या गुडघ्यावर टेकवलं आणि खडूचं टोक रिमपासून केसभर अंतरावर धरलं. चाक फिरलं. खडू जरासुद्धा हलला नाही. एकच छोटी रेघ उठली, दोन बोटं लांबीची. म्हाताऱ्यांनी काकूंकडे पाहिलं आणि मान हलवली, “सरि.”

३४ वर्षं फळ्यावर भारताचा नकाशा काढलेला हात. पुढे तीनदा, चारदा हे झालं. दोघं बोलत नव्हती, बोलण्यासारखी भाषाच नव्हती मध्ये. रेघ दोन बोटांची एक झाली, मग ठिपका झाली, मग चाक फिरलं आणि खडू कोराच राहिला. पैसे विचारले तर त्यांनी हात हलवला. काकूंनी खूप आग्रह केला तेव्हा २० रुपये घेतले आणि ते विभूतीच्या डबीशेजारी ठेवले.

सव्वा तास गेला होता. शुचीन्द्रमला पोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. देवळाच्या तळ्याकाठी १५ सायकली एका ओळीत लावलेल्या, आणि १५ माणसं सावलीत बसलेली. पेले समोर, चहा गार झालेला, कुणीही तोंड लावलेलं नाही. दादांचा नियम. मी हात वर केला. पण ओरडले मी नाही, आधी काकूच ओरडल्या.

तिथून कन्याकुमारी १२ किलोमीटर. आम्ही सगळे एकत्र निघालो आणि मी शेवटी. १४ दिवस ज्यांच्याबरोबर जेवले, झोपले, त्यांच्या पाठी मी पहिल्यांदा पाहत होते. डॉक्टर उजवा खांदा खाली टाकून चालवतात. सांगलीचे दोघे भाऊ, घरी म्हणे बोलत नाहीत, पण त्यांचे पाय एकाच वेळी वर जातात आणि एकाच वेळी खाली येतात. आयटीतल्या पोराने रात्री धुतलेले मोजे कॅरिअरला बांधले होते, ते वाऱ्यावर उडत होते. सगळ्यांच्या पोटऱ्यांवर मोज्यांच्या वरपर्यंत एकसारखी काळी रेघ, चेनच्या वंगणाची आणि उन्हाची. डाव्या अंगाने वारा होता, त्यामुळे सगळी रांग किंचित डावीकडे कललेली. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, मधूनच कमळांचं तळं, मागे शुचीन्द्रमचं पांढरं गोपुर लहान होत गेलेलं.

आणि डावीकडे मरुत्वामलै. हनुमंताने संजीवनीचा डोंगर नेताना त्यातला तुकडा पडला तो हा, अशी इथली कथा. काकूंचं मारुतीस्तोत्र चढ नसतानाही सुरू झालं. सह्याद्रीच्या रांगेचं हे दक्षिण टोक मानतात. पुण्याहून निघालो तेव्हा सह्याद्री उजव्या हाताला होता, आंबोली उतरल्यावर डाव्या हाताला आला आणि मग रोज सकाळी उठलं की तिकडे, कधी जवळ, कधी निळसर लांब. आता तो संपत होता. कुणीतरी पुढून मागे निरोप पाठवला, पाठीपाठीने, रांगेतून: “शेवटचा डोंगर.” तो माझ्यापर्यंत पोचला तेव्हा पुढे सांगायला माझ्यामागे कुणी नव्हतं. मी वळून मागे पाहिलं. रिकामा रस्ता, एक बकरी आणि आमच्या टायरांनी उडालेली थोडी धूळ. हेच पाहायला शेपूट असतं. या रस्त्यावर आपलं कुणी राहिलेलं नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारं एक माणूस. कुंदापूरला तेवढंच मी केलं नव्हतं.

सगळ्यांचा वेग कमी झाला होता. वारा होता हे खरं, पण वाऱ्याने इतका होत नाही. कुणालाच पोचायचं नव्हतं.

पाचला पोचलो. अय्यप्पा भक्तांचे काळे कपडे, शंख-शिंपल्यांची दुकानं, फोटो, मिठ्या, रडणं. ते सगळं झालं, जसं सगळ्या ग्रुपचं होतं तसंच. समोर तमिळ संतकवी तिरुवल्लुवरांचा १३३ फुटांचा पुतळा, त्यांच्या ‘तिरुक्कुरळ’ या ग्रंथाच्या अध्यायांइतकीच उंची. शेजारी विवेकानंद शिला आणि दोन्ही खडकांना जोडणारा नवा काचेचा पूल. होडीची तिकीटखिडकी बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी. म्हणजे शिला या खेपेला नाही. सव्वा तासाचा हिशेब सगळ्यांना येत होता, पण १६ जणांपैकी एकानेही तो काढला नाही.

काकू कठड्याला टेकून शिलेकडे बघत होत्या. मी शेजारी जाऊन उभी राहिले. “काकू, तुमची होडी चुकली.” त्या म्हणाल्या, “अगं, एकनाथजी रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे. हे स्मारक व्हावं म्हणून त्यांनी ३२३ खासदारांच्या सह्या गोळा केल्या. आणि लोकांकडून एकेक रुपया. आमचे वडील मास्तर होते, त्यांनी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने एकेक रुपया दिला. मी सगळ्यांत धाकटी, माझाही दिला. १९७० मध्ये स्मारक झालं तेव्हा मला म्हणाले, तुझा रुपया पोचला.”

हे त्यांनी १५ दिवसांत कुणाला सांगितलं नव्हतं. मला बोलता येईना. मग एवढंच म्हणाले, “काकू, कुंदापूरला मी तुम्हाला ओलांडून गेले होते.”

“माहितीये की,” त्या म्हणाल्या. “हाक मारली होतीस ना.” आणि परत खडकाकडे बघायला लागल्या. “दिसतोय चांगला इथून.”

रात्री विवेकानंदपुरमच्या आवारात सायकली सुट्या केल्या. पायडल काढताना डावीकडचं उलट फिरवावं लागतं, ते दरवेळी कुणीतरी विसरतं आणि जोर लावून घट्ट करून बसतं. मडगार्डच्या आतून माती निघाली: आंबोलीची लाल, कारवारची रेती, केरळातला काळा चिखल, थर लागलेले. काकूंच्या मागच्या रिमवर खडूची एक पुसट रेघ राहिली होती. मी फडकं घेतलं, मग ठेवून दिलं आणि चाक तसंच गोणपाटात गुंडाळलं.

सकाळी कन्याकुमारी स्टेशन. पुण्याची एक्स्प्रेस लागलेली होती. दीड दिवसाहून थोड्या जास्त वेळात ती आम्हाला घरी नेऊन सोडणार होती. सायकली घेऊन मामा आधीच निघाले होते, त्यामुळे सगळे मोकळ्या हातांनी अवघडून उभे. दादा डब्याच्या दारात उभे राहून एकेकाला आत घेत होते. मी आणि काकू प्लॅटफॉर्मच्या टोकाला, करुपट्टीची कॉफी घेऊन. ताडगुळाचा वास, कागदाचा पेला हाताला पोळत होता. गार्डने हिरवं निशाण काढलं.

“शेपूट?” दादा ओरडले.

काकू माझ्या पुढे चढल्या. मी मागे वळून प्लॅटफॉर्म पाहून घेतला, मग चढले.

“आलं!”